मातंगीला गाळून केलेली तुलना

सकाळपासून एकच रील सगळ्या ग्रुपवर फिरतंय. कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या डोंगरावरची यल्लम्मा, तंत्रातली छिन्नमस्ता आणि जपानची देवी बेन्झाइतेन. एकीचा चेहरा दुसरीत विरघळतो, मागं शंख, आणि शेवटी मोठी अक्षरं: ‘सगळ्या एकच. मूळ आपलंच.’ खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागलीय. त्यात आपलेच लोक आहेत, घरात पुस्तकांची कपाटं असलेले. म्हणून जास्त राग आला.

गल्लीत जग, म्हणजे डोक्यावरच्या टोपलीतली यल्लम्मा, घेऊन येणाऱ्या जोगतीणबाईंना एकानं मोठ्या कौतुकानं ते दाखवलं. त्यांनी फोन लांब धरून शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, “आणि मातंगी कुठं गेली गा? तिला न्हाई घेतलं व्हय?” दाखवणारा हसला. हसण्यासारखं त्यात काय होतं?

यल्लम्मा म्हणजे परशुरामाची आई रेणुका. आता तिची गोष्ट जरा शेजारीशेजारी मांडून बघा. महाभारताच्या वनपर्वात ती आंघोळीला जाते. तिथं राजा चित्ररथ बायकांबरोबर जलक्रीडा करताना दिसतो, तिचं मन क्षणभर ढळतं. जमदग्नी मुलांना सांगतो, आईला मारा. रुमण्वान, सुषेण, वसू, विश्वावसू गप्प राहतात आणि शाप घेतात. परशुराम कुऱ्हाड उचलतो. मग वर मागतो: आई उठू दे, मारल्याची आठवण तिला राहू नये, भाऊ पूर्ववत होऊ देत. भागवताच्या नवव्या स्कंधात ती होमासाठी गंगेवर पाणी आणायला जाते आणि चित्ररथ तिथं माणसांचा नव्हे, गंधर्वांचा राजा आहे. दोन्हीकडं वाळूची घागर नाही, नागाची चुंबळ नाही, मातंगी तर नाहीच.

हे सगळं येतं ते आपल्या दख्खनच्या आणि तमिळ मुलखातल्या सांगण्यात. रोज ओल्या वाळूची घागर घडवायची, नागाची चुंबळ करून डोक्यावर घ्यायची. मन ढळलं की घागर विरघळते. परशुराम मागं लागतो, रेणुका खालच्या मानलेल्या जातीतल्या एका बाईच्या, म्हणजे मातंगीच्या, आसऱ्याला जाते, त्या झटापटीत दोघींची शिरं उडतात. जोडताना घाईत अदलाबदल होते. तमिळ सांगण्यात त्यातून मारियम्मन आणि एल्लम्मन अशा दोन देवी उभ्या राहतात. सौंदत्तीच्या डोंगरावर मातंगीचं देऊळ का आहे, हे या प्रसंगाशिवाय कळत नाही. वनपर्व कितीही वेळा वाचा.

शिर बदलायचा प्रसंग वेताळाच्या गोष्टींतही आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात, म्हणजे 11 व्या शतकातल्या काश्मीरमध्ये, धवल नावाचा परीट आणि त्याचा मेहुणा गौरीच्या देवळात स्वतःची शिरं कापतात. मदनसुंदरी ती जोडताना चुकते. वेताळ विचारतो, आता नवरा कोणता? राजा सांगतो, ज्याला नवऱ्याचं शिर तो नवरा, कारण अवयवांत शिर श्रेष्ठ. प्रसंग तोच, प्रश्न मात्र पार वेगळा. तिथं दोघे पुरुष एकाच जातीचे आणि एकाच घरातले, त्यामुळं नातं कुणाचं एवढंच ठरवायचं. इथं ब्राह्मण ऋषीची बायको आणि गावकुसाबाहेरची बाई. शिर श्रेष्ठ असा निकाल लावून इथं सुटका नाही, कारण देवी दोन झाल्या आणि दोघींनाही पूजा चालू झाली. रीलवाल्यानं मातंगी काढली तेव्हा नेमका हा कठीण भाग काढला. मुद्दाम काढला असं मी म्हणत नाही. त्याला ठाऊकच नसणार, आणि तेच वाईट.

आता छिन्नमस्ता. डोकं धडावेगळं आहे एवढ्यावर रेणुकेशी बरोबरी लावली. अहो, रेणुकेचं शिर नवऱ्याच्या हुकमावरून मुलगा कापतो, ती शिक्षा आहे. छिन्नमस्ता स्वतःचं शिर स्वतः कापते, हातात धरते, गळ्यातून रक्ताच्या तीन धारा निघतात: एक तिच्याच मुखात, दोन डाकिनी आणि वर्णिनीच्या. पायाखाली काम आणि रती. ही शिक्षा नाही, हे देणं आहे. तिची जवळची बहीण शोधायची तर बौद्ध तंत्रातली छिन्नमुंडा वज्रयोगिनी बघा. तशाच तीन धारा, तशाच दोन सख्या, नावं वज्रवैरोचनी आणि वज्रवर्णनी. आणि हिंदू छिन्नमस्तेच्या मंत्रात ‘वज्रवैरोचनीये’ हे संबोधन आजही आहे. त्यावरूनच बौद्ध तंत्राचे अभ्यासक बिनयतोष भट्टाचार्य यांनी मांडलं की ही देवी बौद्धांकडून हिंदू तंत्रात आली. तिबेटी परंपरेत मेखला आणि कनखला या दोघी बहिणी गुरू कान्हपाच्या सांगण्यावरून स्वतःची शिरं उतरवून नाचतात. कान्हपा म्हणजे नाथपंथ ज्याला कानिफनाथाशी जोडतो तोच. सांगा आता, ‘मूळ आपलंच’ मधलं आपलं म्हणजे कुणाचं?

जपानबद्दल एक कबूल करायला पाहिजे: बेन्झाइतेन ही खरोखरच सरस्वती आहे. यीजिंग या चिनी भिक्षूनं 703 साली सुवर्णप्रभास हे बौद्ध सूत्र चिनीत आणलं, त्यात ती आठ हातांची, शस्त्रं घेतलेली, राज्याचं रक्षण करणारी आहे. नारा इथल्या तोदाइजी या बौद्ध देवळात तिची तशी आठ हातांची मातीची जुनी मूर्ती आहे. वीणेच्या जागी बिवा हे वाद्य नंतर आलं. मग डोक्यावर म्हाताऱ्याच्या तोंडाचा साप, उगाजिन, येऊन बसला, बेटांवर देवळं झाली, आणि ती पैसा देणारी झाली. कामाकुराला तिच्या गुहेत लोक नाणी-नोटा बांबूच्या चाळणीत ठेवून झऱ्याचं पाणी ओततात, पैसा वाढावा म्हणून. आपल्याकडं दसऱ्याला सरस्वतीपुढं पाटी-पुस्तक मांडतात, पैशांना लक्ष्मीपूजन वेगळं. एका देवीनं तिकडं दोघींचं काम घेतलं. कसं घेतलं, कुणाच्या सोयीनं घेतलं, हे विचारण्यात खरी मजा आहे. आणि यातली एकही गोष्ट यल्लम्माकडं जात नाही. एक सुद्धा नाही.

खरं तर जपानकडं बघायचं ते वेगळ्या कारणानं. तिथला कांगितेन, म्हणजे त्यांचा विनायक, घ्या. हत्तीच्या तोंडाचे दोघं एकमेकांना मिठी मारून उभे, बऱ्याच मूर्तींत बाईचा पाय पुरुषाच्या पायावर. मूर्ती बहुतेक धातूची, लहान, सहसा बंद देव्हाऱ्यात. भाविकाला दिसत नाही. पुजारी तिला कोमट तेलानं न्हाऊ घालतात. नैवेद्य मुळ्याचा, आणि आत गोड घाटा भरून तेलात तळलेल्या गोळ्याचा. मोदक आठवला ना? आठवू दे, पण तिथं थांबू नका. त्यांची कथा सांगते की विनायक हा विघ्नं आणणारा भयंकर होता, अकरा मुखांच्या कान्नोननं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वानं, बाईचं रूप घेऊन त्याला वश केलं.

हे वाचून मानव गृह्यसूत्र हा घरच्या विधींचा जुना वैदिक ग्रंथ काढा. तिथं विनायक चार आहेत: शालकटंकट, कूष्मांडराजपुत्र, उस्मित, देवयजन. ते माणसाला धरतात. धरलं की स्वप्नात मुंडण केलेली माणसं, उंट, डुकरं दिसतात. राजपुत्राला राज्य मिळत नाही, लक्षणी मुलीला नवरा मिळत नाही, व्यापाऱ्याचा व्यापार बसतो, शेतकऱ्याचं पीक जातं. मग शांती करायची. म्हणजे आपण मखरात बसवून आरत्या म्हणतो त्या गणपतीची जी बाजू आपण विसरलो, ती समुद्रापलीकडं बंद देव्हाऱ्यात जपलेली आहे. मला हे फार सुंदर वाटतं, आणि ‘ते आपलेच देव पुजतात’ या फुशारकीत नेमकं हेच दिसत नाही.

राग थोडा उतरलाय. अशा रीलमुळं पोरं निदान नावं तरी ऐकतात, हे मान्य. मग दोन देव सारखे वाटले की काय करायचं, तेही सांगून टाकतो. सगळ्यात जुना उल्लेख कुठला आणि कधीचा ते बघा. आजच्या कॅलेंडरवरचं चित्र धरू नका, ते परवाचं असतं. मूर्तीच्या हातात आणि पायाखाली काय आहे ते मोजा. पूजा कोण करतं, नैवेद्य काय, वर्षातल्या कुठल्या तिथीला. आणि गोष्ट इकडून तिकडं गेली म्हणता, तर कुठल्या ग्रंथातून, कुठल्या वाटेनं? वाट दाखवता येत नसेल तर ते साम्य आहे, नातं नव्हे. यल्लम्माची तिथीच बघा. जमदग्नी मारला गेला म्हणून मार्गशीर्षातल्या रांडाव पुनवेला देवीच्या बांगड्या फुटतात, माघात ती पुन्हा सवाष्ण होते. भागवतातला परशुराम बापाचं शिर धडाला जोडून यज्ञ करतो, पण तो जमदग्नी सप्तर्षींत जाऊन बसतो. डोंगरावर मात्र नवरा घरी परततो आणि बायकांचं वर्ष त्यावर चालतं. हा फरक कुठल्या रीलमध्ये बसणार आहे?

देवदासी प्रथेचं ओझं या देवीच्या नावावर आहेच. 1982 चा कर्नाटकचा कायदा उगाच झालेला नाही. त्यामुळं परंपरेचं नुसतं गोडवं गाणाऱ्यांत मला धरू नका.

माघाच्या पुनवेला कोल्हापूर, निपाणी, खानापूरकडून जे डोंगराखालच्या जोगणभावीच्या कुंडात आंघोळ करून वर जाणार आहेत, त्यांना एक सांगणं. चौंडक्यावर, म्हणजे जोगत्यांच्या तंतुवाद्यावर, सांगितली जाणारी गोष्ट एकदा पूर्ण रेकॉर्ड करा, तुकडे पाडू नका. गाणाऱ्याची परवानगी आधी घ्या, पदरात काही टाका. गाव लिहा, पुनव लिहा. गाणं मराठीतून कन्नडात गेलं तर कुठल्या प्रसंगावर गेलं ते टिपा. शिर जोडायचा प्रसंग आला का, आणि मातंगीचं नाव कोण घेतं, कोण गाळतं, ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर तसंच लिहून ठेवा, स्वतःच्या मनानं भरू नका.