√2 + √8 म्हणजे √10 नव्हे!

'वर्गमुळांचे सोपे शॉर्टकट' नावाचा एक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. परवा माझ्या भाचीने त्यातला पहिलाच शॉर्टकट गृहपाठात वापरला आणि वर मला म्हणाली, "मावशी, आता असंच करतात." नाही, असं करत नाहीत.

मेसेज म्हणतो, गुणाकारात दोन संख्या एका मुळाखाली येतात, तशा बेरजेतही आणा; म्हणून √2 + √8 = √10. साफ चूक. √2 साधारण 1.414 आणि √8 साधारण 2.828, म्हणजे बेरीज 4.24 च्या घरात. √10 आहे जेमतेम 3.16! पुढे ढकलण्याआधी एकालाही ताळा करावासा वाटला नाही? लहान बाजू √2 आणि √8 असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण √10 असतो. या मेसेजच्या हिशेबाने दोन बाजूंची बेरीज कर्णाएवढीच भरते.

√2 + √8 चा वर्ग करून बघा. 2 आणि 8 येतात, शिवाय मधलं पद 2√16, म्हणजे आणखी 8. एकूण 18. ते मधलं पदच मेसेजने गिळलंय. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'बीजगणिता'त करणींची, म्हणजे पूर्ण न सुटणाऱ्या वर्गमुळांची, बेरीज याच वाटेने सांगितली: दोन संख्यांची बेरीज ती 'महती', त्यांच्या गुणाकाराच्या मुळाची दुप्पट ती 'लघु', दोन्ही मिळवा. त्यांचं उदाहरणही 2 आणि 8 चंच, उत्तर करणी 18, म्हणजे √18. करणी 3 आणि 7 यांच्या गुणाकाराला पूर्ण मूळ नाही, म्हणून त्या वेगळ्याच ठेवायच्या. आजच्या रीतीने तर एका ओळीत होतं: √8 = 2√2, म्हणून बेरीज 3√2.

'बाहेरचं बाहेरच्याशी, आतलं आतल्याशी गुणा' हे मात्र बरोबर आहे, तेवढं मान्य करावं लागेल. पण 2√3 × 5√6 = 10√18 लिहून मेसेज तिथेच थांबतो. 18 मध्ये 9 हा पूर्ण वर्ग आहे. सरळ रूप 30√2.

आणि मेसेजमधलं √72 = 9√8? 9 बाहेर येताना 3 होऊन येतो. आणि 36 दिसला असता तर थेट 6√2.

शेवटी मेसेज लिहितो, √−4 × √−9 = √36 = 6. दोन्ही संख्या ऋण असताना एका मुळाखाली आणण्याचा गुणाकाराचा नियम लागूच होत नाही. वास्तव संख्यांत ही मुळं नाहीतच, आणि काल्पनिक संख्यांत गेलात तर √−1 ची 2 पट गुणिले 3 पट, म्हणजे 6 × (−1). उत्तर −6.