बी. के. म्हणजे कोण?

आईचं एक जुनं बचत खातं आहे. शिल्लक ४,३१२ रुपये. दोन वर्षं कुणी हात लावला नाही म्हणून बँकेने ते निष्क्रिय ठरवलं. खात्यावर माझंही नाव, त्यामुळे ते सक्रिय करायला मंगळवारी मी गेलो. टोकन ४७. चालू होतं १९. पुढचं सगळं मी सोडून देतो आणि एकदम काउंटरवर येतो, कारण अपमान तिथे झाला.

काउंटरवर पंचविशीची मुलगी. कामाला चलाख, वागायला गोड, फक्त मला 'काका' म्हणत होती. माझ्या मागच्या सत्तरीच्या गृहस्थांनाही 'काका'च. म्हणजे आम्हा दोघांत तिला काही फरक दिसला नव्हता. असो.

"काका, खातं उघडलं तेव्हाचा पत्ता सांगा. जुळवायचाय."

मी सांगितला. बी. के. नंबर, खोली नंबर, उल्हासनगर-४. (नंबर इथे देत नाही. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे, त्यांना कशाला त्रास.)

"बी. के. म्हणजे कोण?"

"कोण नाही. बराक."

तिच्या चेहऱ्यावर हसू फुटायला लागलं आणि मी मनात म्हटलं, आलं. २००८ सालापासून हा विनोद मला दरवर्षी किमान चार वेळा ऐकावा लागतो. ओबामा दोनदा निवडून आले, दोन्ही टर्म संपवून घरी गेले, पण माझी सुटका नाही. मुलीने तो केलाच. मी हसलो. खातं निष्क्रिय असलं की माणूस कशालाही हसतो.

"पण काका, इथे बिल्डिंगचं नाव कंपल्सरी आहे. लाल चांदणी आहे बघा."

"बिल्डिंग नव्हती."

"मग सोसायटी?"

"सोसायटी नव्हती."

"चाळ होती का?"

"चाळ नव्हती हो. बराक होती. मिलिटरीची."

"म्हणजे तुमचे वडील आर्मीत?"

"नाही, रेल्वेत."

इथे तिने की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. आणि नेमक्या याच क्षणी मागचे गृहस्थ माझ्या खांद्यावरून पुढे वाकले.

त्यांच्याकडे वाणसामानाची कापडी पिशवी होती आणि गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. गेले दोन तास ते रांगेतल्या प्रत्येकाचा फॉर्म वाचत होते. एका बाईंचं स्पेलिंग त्यांनी दुरुस्त केलं होतं, एका रिक्षावाल्याला मुदत ठेवीचे फायदे सांगितले होते.

"बी. के. म्हणजे ब्रह्माकुमारी," ते म्हणाले.

"नाही हो."

"मग बीकेसी असेल," मुलगी आशेने म्हणाली. "बांद्रा-कुर्ला?"

माझी आई, ४,३१२ रुपये आणि बांद्रा-कुर्ला संकुल. क्षणभर मलाही मोह झाला.

शेवटी मी सगळं सांगितलं, तेही घाईघाईत, कारण मागे बारा माणसं होती. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराचा ट्रान्झिट कॅम्प होता. सैनिकांसाठी लांबच लांब बराकी बांधलेल्या. युद्ध संपलं, सैनिक गेले, मग फाळणी झाली आणि सिंधमधून आलेल्या माणसांना सरकारने तिथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, उल्हास नदीवरून उल्हासनगर नाव पडलं. तेव्हापासून तिथल्या पत्त्यात आधी बराकीचा नंबर. पोस्टमनला कळतं, रिक्षावाल्याला कळतं.

"अरे, म्हणजे प्रीफॅब!" गृहस्थ ओरडले. "मग आधी सांगायचं ना! तुम्ही प्रीफॅबमध्ये राहत होता!"

मी आयुष्याची पहिली बावीस वर्षं बराकीत काढली आणि मला त्यातलं काही कळत नाही, हे पुढच्या दहा मिनिटांत सिद्ध झालं.

त्यांची मुलगी लंडनला, लुइशमला असते. तिच्या घरापासून जवळच कॅटफर्ड, आणि तिथे म्हणे अशा प्रीफॅब, म्हणजे तयार तुकडे जोडून उभ्या केलेल्या घरांची अख्खी वसाहत होती, एक्सकॅलिबर इस्टेट. युद्धात बॉम्बने घरं गेली म्हणून ब्रिटिश सरकारने १९४४ मध्ये कायदा केला आणि कारखान्यात घरं पाडायला सुरुवात केली. पाव कसे पाडतात तशी. विमानाच्या कारखान्यांत ॲल्युमिनियमची घरं! चार लॉऱ्यांवर चार तुकडे यायचे, जोडले की झालं घर. दीड लाखाच्या वर बांधली. दहा-पंधरा वर्षांसाठी म्हणून बांधलेली, लोक साठ-सत्तर वर्षं राहिले, आणि पाडायला आले तेव्हा निघेचनात. २००९ साली त्यातली सहा घरं चक्क वारसा म्हणून जाहीर केली!

(घरी येऊन मी हे सगळं मुद्दाम तपासलं. एखादा तरी आकडा चुकलेला निघावा अशी फार इच्छा होती. दुर्दैवाने सगळं बरोबर निघालं.)

"आणि आत काय असायचं सांगू?" मी सांगू नका म्हणायच्या आत त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "दोन बेडरूम. घरातच बाथरूम. घरातच संडास. गरम पाणी. आणि फ्रिज! पंचेचाळीस-सेहेचाळीस साली, फ्रिज! तुमच्याकडेही गरम पाण्याची सोय असेलच."

"होती. एप्रिल-मेमध्ये. नळालाच."

"बघा!" ते मुलीला म्हणाले.

या माणसाला टोमणा लागत नाही हे माझ्या लक्षात आलं. असा माणूस रांगेत मागे असणं म्हणजे पाठीला डास चावण्यासारखं. हात पोचत नाही.

आमच्या बराकीत काय असायचं ते मला सांगायचं होतं. ते तिथे राहिलं, म्हणून इथे सांगतो.

एक लांबलचक दालन. त्याच्या कापून खोल्या केलेल्या. आधी म्हणे गोणपाट आणि साड्यांचे पडदेच होते, मग भिंती आल्या. पण भिंत उठली ती आठ फुटांपर्यंत. छप्पर आणखी बरंच वर. मधल्या मोकळ्या जागेतून सगळ्या खोल्यांची हवा, आवाज, वास आणि एक भुरं मांजर यांची ये-जा चालायची. मांजर नेमकं कुणाचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दूध सगळ्यांचं प्यायचं.

दादा, म्हणजे माझे वडील, रात्री माझे पाढे घ्यायचे. "सात आठे?" मी छताकडे बघायचो. भिंतीपलीकडून शेजारच्या अम्मांचा आवाज यायचा, "छवंजाह!" दादांना सिंधी येत नव्हतं, त्यामुळे उत्तर बरोबर की चूक ते त्यांना कळायचं नाही आणि मला धपाटा बसायचा. छप्पन्नला सिंधीत छवंजाह म्हणतात हे मी आजही विसरलेलो नाही. सात आठे किती हे मात्र अजूनही एक क्षण थांबून सांगतो.

आई आषाढीचा उपास धरायची, आणि पलीकडे त्याच दिवशी मासळी तळली जायची. आई देवापुढे बसून नाक धरायची. प्राणायाम चाललाय असं बघणाऱ्याला वाटे. अम्मांना कुणीतरी सांगितलं तेव्हा त्या धावत आल्या, हात जोडले, आणि प्रायश्चित्त म्हणून भाजलेला पापड नि पाणी ठेवून गेल्या. सिंध्यांकडे आल्या-गेल्याला पापड-पाणी देतातच. उपासाला उडदाचा पापड चालत नाही हे त्यांना सांगायचा धीर आईला झाला नाही. तो मी खाल्ला.

आणखी एक गोष्ट त्या गृहस्थांना सांगायची राहिली. लोक समजतात उल्हासनगरचे म्हणजे निर्वासित. आम्ही निर्वासित नव्हतो. आम्ही निर्वासितांचे भाडेकरू होतो. घर सोडून आलेल्या माणसाबद्दल निदान कुणी हळहळतं. त्याच्या भाडेकरूसाठी कोण हळहळणार? कॉलेजात मला "कुठून येतोस?" विचारलं की मी "कल्याण" म्हणायचो. एकाने खोदून विचारलं, "ईस्ट की वेस्ट?" मी म्हटलं, "साउथ." मग 'मेड इन यूएसए, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद आलाच. तो ओबामांच्याही आधीचा. ज्या गावाने घड्याळापासून फर्निचरपर्यंत काहीही नव्याने उभं करून दाखवलं, त्याला नकली म्हणायचं आणि लग्नाचा बस्ता बांधायला मात्र तिथेच यायचं. डोंबिवलीकरांनी तर यावर बोलूच नये. मी आता डोंबिवलीकर आहे, त्यामुळे मी बोलू शकतो.

पहिलं स्थळ आलं ते त्याच खोलीत. मुलीचे वडील चहा घेता घेता वर बघत राहिले. म्हणाले, "भिंत वरपर्यंत का नाही?"

दादा म्हणाले, "हवा खेळती राहते."

तेवढ्यात पलीकडून अम्मा ओरडल्या, "छोकरा अच्छा है, भाईसाब! ले जाओ!"

ते स्थळ जमलं नाही. शिल्लक माल काढल्यासारखं वाटलं असावं त्यांना.

पण काउंटरवर यातलं काही बोलता आलं नाही, कारण गृहस्थ तोवर छपरापर्यंत पोचले होते.

"तुमच्या छताला काय होतं? कौलं?"

"सिमेंटचे पत्रे."

"ॲस्बेस्टॉस!" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "लंडनलासुद्धा काही प्रीफॅबना ॲस्बेस्टॉसच होतं. आता ते काढायचं तर अंगभर पांढरे कपडे घालून, मास्क लावून माणसं येतात. फार वाईट, हो. फुप्फुसात जातं. चाळीस-चाळीस वर्षांनी निघतं."

आम्ही त्या पत्र्यांवर पापड वाळवायचो. पतंग अडकला की चढायचो. भोक पडलं की दादा कानशीने कड घासून डांबर लावायचे आणि ती भुकटी मी फुंकरीने उडवायचो, कारण ते माझं काम होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. मला मात्र तिथल्या तिथे खोकला आला. मुलीने पाण्याची बाटली पुढे केली.

"किती वर्षं झाली तिथून निघून?" गृहस्थांनी विचारलं.

"सदतीस."

"मग अजून तीन वर्षं बघा," ते म्हणाले. अगदी आपुलकीने.

ओळीतल्या एक बाई, कडेवरचं मूल सावरत, म्हणाल्या, "अहो, लिहून टाका ना काहीतरी. कुणाला बघायचंय?" मला राग यायला हवा होता. म्हणजे आलाच. माझी बावीस वर्षं, आईच्या पहाटे चार वाजताच्या पाण्याच्या रांगा, दोन बालद्यांवरून झालेली भांडणं, आणि म्हणे काहीतरी लिहून टाका. लंडनच्या सहा पत्र्याच्या घरांना वारसा म्हणून पाटी लागते. आमची बराक पडली तेव्हा भाडेकरूंच्या हातात डिपॉझिट ठेवलं आणि टेम्पो कधी बोलावताय म्हणून विचारलं. पण दुपारचे पावणेदोन झाले होते आणि काउंटर दोनला जेवायला बंद होणार होता. मी म्हटलं, "लिहा."

मुलीने पटापट काहीतरी टाइप केलं. लाल चांदणी गेली. सही घेतली, शिक्का मारला.

"झालं, काका. चार दिवसांत ॲक्टिव्ह होईल."

"छान," मागून गृहस्थ म्हणाले. "आता माझं. मला फक्त पासबुक भरून हवंय." पासबुक भरायचं मशीन दाराशी आहे. दोन तास ते त्याच्या शेजारीच उभे होते.

घरी येऊन आईला पावती दाखवली. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. चष्मा लावून, कागद खिडकीकडे धरून तिने एकेक अक्षर लावलं. पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'बी. के. अपार्टमेंट, उल्हासनगर-४.'

"अपार्टमेंट?" आई म्हणाली. "मग नळ घरात असेल."