गळाला न लागणाऱ्या माशांची कारणमीमांसा

गळाला मासा का लागला नाही, याची शास्त्रशुद्ध कारणे माझ्या मित्राजवळ त्या तळ्यातल्या एकूण माशांहून अधिक असावीत. तळे इतके लहान आहे की पलीकडच्या काठावर कोणी शिंकले तर आपण रुमाल काढावा. तरीही सुट्टीच्या दिवशी उजाडण्यापूर्वी मला अंथरुणातून उपसून मासे गरवायला नेण्याचा त्याचा नेम कधी चुकत नाही. पहाटे मासे खाण्यासाठी अधीर असतात, असे तो आदल्या रात्री सांगतो. तळ्यावर पोहोचल्यावर तोच सांगतो की, रात्रभर पाणवनस्पती प्राणवायू तयार न करता उलट वापरत असल्यामुळे पहाटे तो पाण्यात सर्वांत कमी असतो आणि मासे सुस्तावतात. दोन्ही विधाने तो सारख्याच छातीठोकपणे करतो.

सामानाची जुळवाजुळव अंधारातच चालते. गळाचा क्रमांक जितका मोठा, तितका गळ बारीक, त्यामुळे १० क्रमांकाचा गळ निदान डोळ्यांना दिसतो, तर १८ क्रमांकाचा केवळ बोटांना टोचल्यावर सापडतो. हा उलटा हिशेब ज्याने बसवला, तो बहुधा मासाच असावा. गांडुळे लावण्याचे काम माझ्याकडे असते, कारण मित्राला त्यांची किळस येते.

यानंतर मौन सुरू होते, म्हणजे माझे. कार्प कुळातल्या माशांच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, जाणवणारी कंपने हाडांच्या चिमुकल्या साखळीतून थेट अंतर्कर्णापर्यंत पोहोचतात आणि म्हणून त्यांचे कान विलक्षण तिखट असतात, हे तो काठावर येरझारा घालत खणखणीत आवाजात समजावून सांगतो. हवेतला आवाज बहुतांशी पाण्याच्या पृष्ठभागावरूनच परततो आणि मासे बिचकतात ते काठावरच्या पावलांच्या हादऱ्यांनी, एवढे मलाही वाचून ठाऊक आहे. परंतु मला बोलायला बंदी असल्यामुळे ते त्याला सांगता येत नाही.

बसण्याचेही शास्त्र आहे. पाण्याखालून माशाला वरचे सगळे जग सुमारे ९७ अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते आणि काठाशी अंग चोरून बसलेला माणूस त्या गोल खिडकीच्या कडेला चपटा होऊन जवळजवळ दिसेनासा होतो. त्यामुळे मी गुडघ्यांत मान घालून, पाण्यावरच्या बुचाकडे टक लावून बसतो. बूच हलते, माझा श्वास अडकतो, आणि मित्र शांतपणे सांगतो की तो वारा होता. पुन्हा हलते, तेव्हा तो मासा असतो, पण मी गळ ओढेपर्यंत तो जेवून उठलेला असतो. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्यामुळे तो आमिष आत ओढतो, चाखतो आणि संशय आला की थुंकून टाकतो. शिवाय त्याच्या मिशांनाही चव कळते. म्हणजे आम्ही वाढलेल्या ताटाला आधी मिशी लागते, मग तोंड, आणि शेवटी नापसंती. एवढ्या सरंजामासमोर एक वाकडी तार आणि हातभर तंगूस घेऊन उतरणाऱ्याला शूर म्हणावे की काय म्हणावे, हे मी अद्याप ठरवलेले नाही.

परवा मात्र माझ्या गळाला बोटभर लांबीचा एक मासा खरोखरच लागला. मित्राने लगबगीने मला हात ओले करायला लावले, कारण कोरड्या हातांनी माशाच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि त्याला रोग जडण्याचा धोका वाढतो. गळ सोडवून मासा पाण्यात ठेवल्यावर मित्र बराच वेळ गप्प होता. मासा न लागण्याची कारणे त्याच्याजवळ भरपूर होती, लागण्याचे एकही नव्हते. शेवटी त्याने निदान केले की तो मासा मुळातच आजारी असावा. त्याच वेळी त्या माशाने शेपटीच्या फटकाऱ्याने त्याच्या चष्म्यावर पाणी उडवून तळ गाठला. परंतु चष्मा पुसून झाल्यावरही निदान बदलले नाही.