समर्पणाची हजेरी कोण मांडतंय?

आज चर्चमधली उपासना संपल्यावर आम्ही काही जण मागे थांबलो होतो. समर्पण सप्ताहाची, म्हणजे स्वतःला देवाला वाहून द्यायच्या आठवड्याची, तयारी करायची होती. बायबलमधलं वचन कोण वाचणार, साक्ष (देवाने आपल्यासाठी काय केलं ते) कोण देणार, गायनाला कोण कोण. कुणीतरी काकूंचं नाव घेतलं आणि मंडळीतले एक भाऊ (नाव लिहीत नाही, वाचून त्यांना कळेलच) सहज बोलून गेले, "त्यांना नको. त्यांचं समर्पण आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. उपासनेला तरी कुठे येतात?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. पुढचा विषय खुर्च्या कुठून आणायच्या हा होता. त्यावर मात्र भरपूर चर्चा झाली.

मी बोलले. जरा जोरातच बोलले. मग पाळकसाहेबांनी घाईघाईने प्रार्थना करून बैठक आटोपली. घरी येऊनही डोकं शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, आधीच सांगते.

काकूंना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. गायनात पहिल्या ओळीत उभ्या राहायच्या त्या. काकांना अर्धांगवायूचा झटका आला, एक बाजू गेली, वाचा गेली, आणि काकू पहिल्या ओळीतून दिसेनाशा झाल्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा. गुडघा दुमडायचा, खांद्याखाली हात घालायचा, वळवायचं, पाठीशी उशी लावायची. एकट्या बाईने, स्वतःहून वजनदार असलेल्या माणसाला. मी भेटायला गेले होते तेव्हा उगीच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "काकू, प्रार्थनेला वेळ मिळतो का हो?" त्या म्हणाल्या, "कुठला गं वेळ! यांना वळवताना 'प्रभू' म्हणते तेवढंच. तेही जोर लागावा म्हणून."

आता सांगा, समर्पण कमी कुणाचं पडलंय?

येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्र लिहिलं ते इ.स. 57 च्या आसपास. अकरा अध्याय तो देवाच्या दयेबद्दल सांगत राहतो, आणि बाराव्याच्या तोंडाशी येऊन विनवतो की आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या, हीच तुमची उपासना. तिथे वाद्यवृंदाचा उल्लेख नाही, डोळे मिटून हात वर करण्याचा नाही, रविवारच्या त्या दीड तासाचाही नाही. मग काय आहे? त्याच अध्यायात पुढे वाचा. रडणाऱ्यांबरोबर रडा, दीनांच्या संगतीत राहा, पाहुणचार करा, वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाला. सहाव्या अध्यायात तर तो अवयवच मागतो. म्हणजे खांदे आले, मनगटं आली, कंबर आली. काकूंची कंबर गेलीय, हे त्या यादी करणाऱ्या भावांना माहीत आहे का?

तुम्ही म्हणाल, एकत्र जमणं सोडू नका असंही वचन आहे. आहे. इब्री लोकांस पत्रात आहे, पाठ आहे मला. पण ते वचन ज्याला येता येत नाही त्याच्या तोंडावर फेकायला दिलेलं नाही. ती येऊ शकत नसेल तर जमणाऱ्यांनी तिच्याकडे जाऊन जमावं. कोण गेलं?

आपली खरी अडचण मला वेगळीच वाटते. बायबलमधलं लेवीय उघडून बघा, जुन्या यज्ञांचे नियम आहेत त्यात; कंटाळवाणं म्हणून आपण सगळेच ते पुस्तक ओलांडून जातो. शांत्यर्पण असायचं, त्यातला काही भाग वेदीवर जायचा, काही याजकाला आणि उरलेलं मांस अर्पण करणाऱ्याला, म्हणजे त्यानेही बसून खायचं. आणि होमार्पण असायचं, त्यात कातडं तेवढं याजकाकडे जायचं, बाकी सगळं जनावर वेदीवर जळून जायचं. आणणाऱ्याच्या हाती काहीच परत यायचं नाही. आपल्याला आवडतात ती सगळी शांत्यर्पणं. गाणं म्हटलं की मन हलकं होतं, साक्ष दिली की चार लोक पाठ थोपटतात, पुढे येऊन गुडघे टेकले की डोळ्यांत पाणी येतं आणि बरं वाटतं. आपला वाटा आपल्याला मिळतो. वाईट नाही ते, देवानेच ठेवलेली सोय आहे. पण काकूंना काय परत मिळतं? काका थँक यूसुद्धा म्हणू शकत नाहीत.

तेवढ्यावर त्यांना संत करून टाकू नका, तेही आपल्याला फार आवडतं. मी तिथे बसलेली असताना काकांनी गोळी थुंकली आणि काकू त्यांच्यावर असल्या ओरडल्या की मी दचकले. मग तोंड पुसलं, गोळी चमच्यात कुटून पाण्यात कालवली, परत भरवली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे पण देवाला दिसतंच." दया करणाऱ्याने हसतमुखाने करावी, असं पौल त्याच बाराव्या अध्यायात म्हणतो, आणि काकू त्या वेळी हसतमुख नव्हत्या, हे मान्य. पण होमार्पणाच्या त्याच नियमांत आतडी आणि पाय पाण्याने धुऊन तेही वेदीवर ठेवायला सांगितलेलं आहे. सगळं म्हणजे सगळं. देखणं तेवढं वर आणि ओंगळ ते घरी, असं नव्हतं. त्यांचं ते ओरडणंही त्यातच गेलं असेल, असं मला वाटतं. कुणा शास्त्र्याला पटणार नसेल तर राहू दे.

आणि दुसरी बाजू कुणी म्हणायच्या आत मीच म्हणते, कारण याचा मला आणखी राग येतो. "स्वतःला पूर्ण अर्पण करा" हे वाक्य लोकांना राबवून घ्यायला फार सोयीचं आहे. मंडळीतल्या पोरांना रात्री उशिरापर्यंत तालमीला बसवायचं, घरातल्या बाईला म्हणायचं की सहन कर, हाच तुझा वधस्तंभ. नाही! यज्ञाच्या जनावराला कुणी विचारत नव्हतं, पौल मात्र विनवतो. ज्याचं त्याने द्यायचं आहे, आणि द्यायचं ते देवाला, मंडळीच्या कार्यक्रमपत्रिकेला नव्हे. येशू चिडला होता तो नेमका इथेच. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात बघा. म्हाताऱ्या आईबापांना लागणारं "कुर्बान" म्हणून देवाच्या नावावर टाकायचं आणि मग हात झटकून मोकळं व्हायचं, ही धार्मिक माणसांची युक्ती त्याने चव्हाट्यावर मांडली. उद्या काकूंनी काकांना तसंच टाकून समर्पण सप्ताहाला पहिल्या ओळीत उभं राहायचं ठरवलं, तर आपली कमिटी त्यांना टाळ्या देईल. येशू काय म्हणेल ते छापून आलेलं आहे.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या भावांचं मन वाईट नाही, मला माहीत आहे. आजारपणात माझ्यासाठीही त्यांनी प्रार्थना केलेली आहे. हजेरी मांडायची सवय लागलीय आपल्याला, इतकंच.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. 1755 मध्ये मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पुढारी जॉन वेस्ली याने आपल्या मंडळ्यांत कराराची उपासना सुरू केली, देवाशी केलेला करार नव्याने करायची. तिच्यातल्या प्रार्थनेत माणूस देवाला म्हणतो की मला कामाला लाव किंवा दुःखाला लाव, तुझ्यासाठी वापर किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. हे म्हणताना आपला जीव कुठे अडखळतो? "बाजूला ठेव" वर. कामाला लाव म्हणणं सोपं आहे, त्यात आपण दिसतो. मी आजवर काकूंबद्दलच बोलत आले, पण काकांचं काय? ते तर पूर्णच बाजूला ठेवलेले आहेत. एक हात हलत नाही, शब्द फुटत नाही. शरीर अर्पण करा म्हटलं तर त्यांच्याकडे आहे ते हेच शरीर, दुसऱ्याने वळवावं लागणारं. मी निघताना प्रार्थना केली तेव्हा त्यांच्या चालत्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. त्याचा अर्थ मी लावणार नाही, कदाचित नुसती खाज सुटली असेल. पण बायबलमधल्या त्या गरीब विधवेने दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी, टाकल्या तेव्हा येशूने मोजदाद वेगळ्याच पद्धतीने केली होती. तिच्याजवळ होतं ते सगळं तिने टाकलं, म्हणाला. आपल्या यादीत काकांचं नाव तर विषयालाही निघालं नाही.

असो. आता कामाचं. कूस बदलायला खरं तर दोन माणसं लागतात, एकटीने केलं की पाठ जाते. समर्पण सप्ताहात रोज संध्याकाळी दोन-दोन जण काकूंकडे गेले तर त्यांना निवांत झोप तरी मिळेल. त्यांना उपासनेला यायचं असेल तर त्या येतील, झोपायचं असेल तर झोपतील, आपण विचारायचं नाही. सोमवारी मी जातेय. पुरुषमाणसं हवीत, काका जड आहेत. ज्यांना जमेल त्यांनी वार आणि वेळ इनबॉक्समध्ये कळवा. खाली नुसतं आमेन लिहून जाऊ नका.