बारी मुरवण्याची रीत

आपल्या आवडत्या भजन मंडळाच्या बाहेर न आलेल्या कॅसेटी कधीतरी ऐकायला मिळतील, अशी आशा अजून धरून बसला असाल तर हा लेख तुमच्यासाठी. ही आशा वाईट. गणपतीत ती जोर धरते, चाकरमानी परतीच्या गाडीत बसले की ओसरते आणि पुढच्या भाद्रपदात पुन्हा पालवते. ती मुळापासून घालवायची तर रेकॉर्डिंगच संपवलं पाहिजे. त्यासाठी फारसं काही करावं लागत नाही. सिंधुदुर्गात राहावं आणि बुवांवर जिवापाड प्रेम करावं, बाकीचं पाऊस बघतो. तरी काम रीतीने झालेलं बरं.

आधी माल ओळखा. एसटी स्टँडवर मिळायच्या त्या साठ मिनिटांच्या छापील कॅसेटी यात धरू नका. त्यांत अभंग, गवळण, गजर सगळं वेळेत बसवलेलं. खरा माल म्हणजे देवळासमोरच्या मांडवात रात्रभर रंगलेल्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे समोरासमोरचे भजनाचे सामने. एका बुवाने सवाल टाकलाय, दुसऱ्याने पेटीवरचा हात न काढता त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलंय, पखवाजवाल्याने त्यावर अशी थाप मारलीय की समोरची माणसं उठून उभी राहिलीत. आणि साउंडवाल्याने मिक्सरच्या मागून एक वायर काढून ते सगळं डेकवर उतरवलंय. त्या रात्रीचं ते गाणं पुन्हा कोणी तसं गायलेलं नाही, कारण ते आधी ठरलेलंच नव्हतं. अशी कॅसेट हाती आली की पहिली गोष्ट, तिच्यावर काही लिहू नका. हात फारच शिवशिवला तर ‘बुवा - भारी’ एवढंच लिहा. गाव, साल, समोरचे बुवा कोण, पखवाजावर कोण बसलंय, यातलं काहीही नको. हे सगळं आज तुम्हाला पाठ आहे आणि जन्मभर राहणार आहे.

कॅसेटीच्या वरच्या कडेला, मागच्या बाजूला, प्लास्टिकचे दोन बारीक दात असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. ते मोडू नका. आधीच्या कोणी शहाण्याने मोडून ठेवले असतील तर त्या भोकांवर सेलोटेप चिकटवा. मग एखाद्या दुपारी घरातलं पोर लाल बटण दाबून त्यावर ‘हॅलो हॅलो’ म्हणेल, पाठोपाठ रेडिओवरची दोन गाणी घेईल आणि गजर जिथे चढायला लागतो नेमका तिथे थांबेल.

आता साठवण. चुंबकीय फितीला थंड आणि कोरडी जागा लागते. वीस अंशांच्या आत तापमान आणि हवेत चाळीस टक्क्यांपर्यंत ओल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि जुलैत भिंतीला हात लावला तर हाताला पाणी लागतं. म्हणजे निम्मं काम आयतंच झालं. उरलेल्या निम्म्यासाठी कॅसेटी प्लास्टिकच्या पिशवीत भराव्यात, तोंड घट्ट बांधावं आणि पिशवी माळ्यावर कौलांखाली ठेवावी. पिशवी पाऊस चालू असतानाच बांधायची, हे विसरू नका. आत कोंडलेला दमटपणा मग बाहेर जात नाही. वर मे महिन्यात कौलं तापली की आतल्या आत वाफ. आंब्याची अढी घालतात ना, साधारण तेच. सिलिका जेलच्या पुड्या वगैरे टाकायच्या भानगडीत पडू नका. पत्र्याचा डबा हवाबंद करून त्यात असल्या चार पुड्या टाकल्या आणि वर्षातून दोनदा बदलल्या तर कॅसेटी टिकण्याचा धोका असतो.

दोन-तीन पावसाळे गेले की कॅसेट उजेडात धरून खिडकीतून बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट जाळी दिसेल. ही बुरशी. ती दिसताच कॅसेट लगेच डेकमध्ये घालून वाजवा. बुरशी डेकच्या हेडला, म्हणजे फीत ज्यावरून घासत वाजते त्या भागाला लागेल, हेडवरून पुढच्या कॅसेटीला लागेल आणि संध्याकाळपर्यंत अख्खी पिशवी बाटेल. काही हौशी माणसं भलतंच करतात. अशी कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी काढतात, आठ-दहा दिवस कोरड्या डब्यात वाळवतात, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने गुंडाळीची कड झाडतात आणि प्रत्येक कॅसेटीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाने हेड पुसतात. अशांच्या नादी लागू नका. स्टुडिओतल्या मोठ्या स्पूलचा प्रकार आणखी वेगळा. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही स्पूलांवरचा चिकटा ओल पिऊन चिघळतो, मशीनवर फीत किंचाळते आणि हेडवर तपकिरी राळ सोडते. जाणकार त्या पन्नास-पंचावन्न अंशांच्या सारख्या उष्णतेत काही तास भाजून घेतात. थट्टा नाही, खरंच भाजतात, आणि त्यानंतर थोडे दिवस ती नीट वाजते. तुम्ही मात्र ‘भाजायची’ एवढंच ध्यानात ठेवा आणि उन्हात आमसुलांशेजारी पसरा.

अजून एक युक्ती. ही फार कामाची. फीत जिथे उघडी दिसते त्या कडेने कॅसेटीत डोकावलं तर फितीमागे तांबूस पातळ पट्टीवर चिकटवलेला लोकरीचा चिमुकला तुकडा दिसेल. फितीला हेडवर दाबून धरणं एवढंच त्याचं काम. त्याचा डिंक सुकला की तो गळून पडतो आणि आवाज घोंगडीतून आल्यासारखा येतो, मध्येच जातो, पुन्हा येतो. आतली फीत मात्र ठणठणीत असते. पाच बारीक स्क्रू काढून दुसऱ्या एखाद्या कॅसेटीची पट्टी इथे बसवली तर दहा मिनिटांत बुवा पुन्हा गाऊ लागतील. म्हणून हे कुणाला सांगायचं नाही. ‘कॅसेट गेली’ म्हणायचं, सुस्कारा सोडायचा आणि ती भंगारवाल्याच्या पोत्यात टाकायची.

एवढं करूनही काही कॅसेटी वाचतात. मग कोणीतरी तरुण पोर येतं आणि म्हणतं, ‘काका, डिजिटल करून देतो.’ त्याला ‘नाही’ म्हणू नये, वाईट दिसतं. ‘पावसाळो जावंदे, मगे बघूया,’ म्हणावं. पावसाळा गेला की गणपती, मग भातकापणी, मग दिवाळी, मग जत्रा सुरू होतात, त्या संपतात तोवर आंब्याला मोहोर आणि फवारणी, मग शिमगा, मग आंबा काढणी, मग चाकरमानी, मग कौलं चाळायची, की पुन्हा पावसाळा. हिशेब अगदी साधा आहे. नव्वद मिनिटांच्या चाळीस कॅसेटी म्हणजे साठ तास. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ ती उतरवायला लागतो, घाई करता येत नाही. रोज संध्याकाळी दोन तास दिले तर तीस दिवसांत सगळं उरकतं, आणि चांगल्या दर्जाच्या वेव्ह फाइलींना तासाला साधारण एक जीबी जागा पुरते. महिनाभराचं हे काम गेली वीस-पंचवीस वर्षं अडलेलं आहे, यावरून ते किती मोठं असेल याचा लोकांनी अंदाज करावा.

पोर फारच चिवट निघालं तर काम निदान बिघडवून तरी घ्या. टेपरेकॉर्डर टेबलावर, त्याच्यापुढे मोबाइल, वर पंखा चालू. प्रत्येक डेकचं हेड थोडं वेगळ्या कोनात बसलेलं असतं. हेडशेजारचा बारीक स्क्रू त्या कॅसेटीपुरता फिरवून आवाज सगळ्यात खुला लागेल तिथे थांबवायचा असतो. त्याला हात लावू देऊ नका. डेकवर खरखर कमी करणारं डॉल्बीचं बटण असेल तर ते दाबा. डॉल्बीशिवाय भरलेल्या कॅसेटीचा वरचा आवाज त्यात छान मरतो. मग फाइल संगणकावर घेऊन खरखर काढायचा फिल्टर पूर्ण चढवा. झांज आणि चकवा या वाद्यांचा वरचा आवाज आणि फितीची सूं सूं हे यंत्राला सारखेच. ते दोन्ही काढून टाकतं. मागे राहतो तो विहिरीत पडून गाणारा बुवा आणि उशीवर थापा मारणारा पखवाजवाला. हा माल ६४ केबीपीएसवर दाबा, व्हॉट्सअॅपवर सोडा, खाली ‘ओरिजनल मास्टर’ लिहा आणि मूळ कॅसेट पुसून तिच्यावर आरत्या भरा.

मालकीचं कलम मुद्दाम शेवटाकडे ठेवलं, कारण आपल्या मातीत ते बियाणं न टाकताही उगवतं. जमिनीच्या सातबारावर तीस नावं असतात. कॅसेटीला तर सातबाराच नाही. म्हणून बुवांचा थोरला म्हणतो आवाज आमचा, विरारचा धाकटा म्हणतो मला विचारल्याशिवाय नाही, मंडळ म्हणतं कोरस आमचा, साउंडवाला म्हणतो वायर माझी. चौघांना एका ओटीवर बसवू नका, चहा पिऊन एकमत होण्याची भीती असते. कायदाही मदतीला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरची साठ वर्षं चालतो. प्रसिद्धच केलं नाही तर ती साठ वर्षं सुरू कुठून होणार? गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा हक्क कार्यक्रमानंतर पन्नास वर्षं. म्हणजे १९९६ सालची बारी २०४६ संपेपर्यंत निश्चिंत. तुकोबांच्या शब्दांना कोणाची परवानगी लागत नाही, हे खरं. पण गजर सिनेमाच्या चालीवर आहे, आणि ती चाल कोणत्या कंपनीची हे शोधायला निघालं की निदान चार गणपती सहज निघतात.

तुमच्याकडे एकही कॅसेट नसली तरी खट्टू होऊ नका, रसिक म्हणून तुमचाही वाटा आहे. ज्याच्याकडे बारी आहे त्याच्याकडून ‘फक्त ऐकायला’ म्हणून घ्या आणि परत करू नका. ती दुसऱ्या कुणाला मिळाली तर तुमच्या कॅसेटीची किंमत काय राहील? त्यातला वीस सेकंदांचा तुकडा स्टेटसला ठेवा, सवालाच्या ऐन टोकाला तोडा. पूर्ण मागणाऱ्याला ‘बघू’ म्हणा. कोणी सगळ्यांनी शंभर-शंभर रुपये काढून एक चांगला डेक दुरुस्त करून घेऊ म्हणाला, तर तो पैसे खाणार अशी कुजबुज त्याच रात्री सोडा.

यातूनही एखादी कॅसेट वाचलीच, तर तिला शेतावर न्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे १३० मीटर फीत असते. दहा गुंठ्यांचा चौकोनी कोपरा असेल तर कडेने बरोबर एक वेढा बसतो. भात पोटरीला आलं की दहा-बारा पावलांवर एकेक चिव्याची काठी रोवावी आणि फीत कमरेएवढ्या उंचीवर ताणावी, पण फार नाही, बारीक असते, तुटते. दोन काठ्यांमध्ये तिला एकदा पीळ द्यावा. सपाट ठेवली तर नुसती चमकते. पिळलेली फीत वाऱ्यावर वाजते, आणि पाखरं चमकण्यापेक्षा त्या आवाजाला जास्त भितात. दुपारी खाडीवरून वारा सुटला की बांधावर जाऊन उभे राहा. आधी बारीक घुमल्यासारखं होतं, मग वारा चढला की सगळा वेढा एकदम धरतो.

शेजारचा विचारील, ‘काय रे वाजता ता?’

‘बुवा,’ म्हणून सांगा.