ती पिल्लं बिबट्याची नव्हेत, वाघाटीची

ऊसतोड सुरू झाली की ‘फडात बिबट्याची पिल्लं सापडली’ असे फोटो फिरू लागतात. त्यातली बरीच पिल्लं वाघाटीची असतात. जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी ही एक. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत आढळते. पूर्ण वाढलेली वाघाटीही जेमतेम दीड किलोची. नीट पाहा: कपाळावर पांढऱ्या रेघा, पाठीवर ओळीने तांबूस ठिपके, शेपटीवर मात्र ठिपके जवळजवळ नाहीतच. बिबट्याच्या पिल्लाची शेपटी ठिपक्यांची असते. वाघाटी शेतातले उंदीर खाते, माणसाला तिचा काडीचाही धोका नाही. कृपा करून पिल्लं घरी नेऊ नका, काठ्या तर मुळीच उगारू नका! आई बहुधा रात्री परतते. वनविभागाला १९२६ वर कळवा.