रातवा, घाटेअळी आणि ‘मेंदूचा काय संबंध?’

राम राम भाऊ,

अंजनेरीच्या पठारावरचा रातवा हा पक्षी समोर असूनही दिसत नाही, कारण पाहण्याचं काम डोळ्यांइतकंच मेंदूचंही असतं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही निफाडहून लिहिलंत, “डोळे धड असले की सगळं दिसतं. हरभऱ्यातली घाटेअळी मला उभ्या उभ्या दिसते. यात मेंदूचा काय संबंध? शहरातल्यांना पाहायची सवय नाही, एवढंच.”

टोमणा मान्य. शिवाय पक्षी ‘अदृश्य होतो’ असं मी लिहिलं होतं, ते चुकलंच, आज बदललं. पण ‘सवय’ हा शब्द तुम्हीच काढलात, आणि माझं सगळं म्हणणं त्याच शब्दात आहे.

सवयीने बुबुळं बदलत नाहीत. अळीवरून येणारा उजेड तुमच्या डोळ्यात शिरतो तसाच माझ्याही. फरक पडतो पुढे. आलेल्या चित्रात मेंदू आधी कडा हुडकतो. ह्यूबेल आणि वीझल या शास्त्रज्ञांना मांजरांच्या मेंदूत ठरावीक दिशेच्या रेषेलाच दाद देणाऱ्या पेशी सापडल्या. १९८१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. रातव्याचे पट्टे-ठिपके नेमका इथेच खोडा घालतात. अंगावरची रेघ ठळक, खरी कड पुसट, मग पक्ष्याचा आकारच जुळत नाही.

पठारावर तो माझ्यापासून चार पावलांवर होता. गुरं राखणारा पोरगा बोट दाखवून थकला. मला आपले दगड आणि वाळकं गवत. मग गळ्याखालचं कातडं थरथरलं आणि डोळ्याची बारीक फट, चोच, शेपूट, सगळं एकदम जागच्या जागी आलं. त्यानंतर कितीही प्रयत्न केला तरी तिथे दगड काही दिसेना! डोळे तेच होते हो.

पिएट्रेविच आणि कामिल या संशोधकांनी १९७९ साली ब्लू जे या अमेरिकी पक्ष्यांना झाडाच्या सालीत मिसळून बसलेल्या पतंगांच्या स्लाइड दाखवल्या. एकाच जातीचे पतंग लागोपाठ आले की ते हुडकण्यात पक्षी तरबेज होत गेले. दोन जाती सरमिसळ आल्या की ती सुधारणा गायब. लक्ष एका साच्यावर बसलं की दुसरा साचा निसटतो, असा त्याचा अर्थ मी लावतो.

घाटेअळी नुसती हिरवी नसते, तपकिरी, पिवळसरही असते, हे तुम्हाला मी काय सांगणार. येत्या रब्बीत एवढं करा: हिरव्या वेचत एक ओळ संपवा, मग त्याच ओळीतून फक्त तपकिरी शोधत परत या. मागे राहिलेल्या किती निघाल्या ते इथेच लिहा. एकही निघाली नाही, तर लेखातला मेंदूवरचा परिच्छेद काढून टाकतो.